क्रियापदांचा उच्चार : पाली, मराठी आणि अहिराणी

जळगाव-धुळ्याच्या खेड्यापाड्यांतून वसतिगृहात आलेले मूल पहिल्या दिवसापासून त्रिशरण-पंचशील म्हणू लागते. अर्थ आम्ही समजावून देतो. उच्चाराकडे मात्र आमचेही दुर्लक्ष होत आले. त्यासाठी हा छोटा पाठ.

मराठीत आपण लिहितो तेवढे उच्चारत नाही. ‘करतो’ या शब्दात अक्षरे तीन, पण मुखातून कर्-तो असे दोनच खंड निघतात. ‘बसला’चे बस्-ला होते. मधला ‘अ’ लोप पावतो. पालीत तो लोप नाही. म्हणून ‘भवतु’चा उच्चार ‘भव्तु’ नव्हे, तर भ-व-तु असा तीन ऱ्हस्व खंडांनी करावा.

ऱ्हस्वाची मात्रा १, दीर्घाची २. पुढे जोडाक्षर असल्यास आधीचे ऱ्हस्वही गुरू होऊन त्याच्या मात्रा २ धराव्यात. यानुसार गच्-छा-मि म्हणजे २+२+१=५ आणि स-मा-दि-या-मि म्हणजे १+२+१+२+१=७. ‘गछामि’ म्हटल्यास एक मात्रा गळते. मराठीच्या सवयीने शेवटी ‘मी’ लांबविल्यास एक वाढते. मुलांकडून टाळी वाजवून मात्रा मोजून घ्याव्यात. चूक त्यांची त्यांनाच ऐकू येते.

आघाताचे काय? स्पॅनिश भाषेत ‘हाब्लो’च्या पहिल्या खंडावर जोर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्या खंडावर दिला तर ‘तो बोलला’. मराठीत जोराने असा काळ बदलत नाही. पालीतही लक्ष ऱ्हस्व-दीर्घाकडे द्यावे. मोठ्याने ओरडण्याचे कारण नाही.

घरी ‘करस’ म्हणणाऱ्या मुलाला आम्ही प्रथम त्याच्याच बोलीचे खंड पाडावयास सांगतो : क-रस्. प्रमाण मराठीचे कर्-तो, अहिराणीचे क-रस्; दोन्हीकडे खंड दोनच. मग उणे कोण? आमच्या शाळकरी वयात याच बोलीवरून वर्गात हशा पिकला आणि आम्ही कित्येक दिवस तोंड उघडले नाही.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. त्याच महामानवाने पुढे पालीचे व्याकरण व शब्दकोश सिद्ध करण्याचे परिश्रम घेतले. हा वारसा सांगणाऱ्या आपण मुलांना शुद्ध उच्चार अवश्य शिकवावा. त्यांच्या घरच्या बोलीची लाज मात्र शिकवू नये.