दहिवर, धुके आणि उसाचा ट्रेलर

गळीत हंगाम ऐन भरात आला आहे. थंडी चांगली पडली आहे, साखरेचा उतारा वाढतो आहे आणि गव्हाण रिकामी राहू नये म्हणून फडापासून कारखान्यापर्यंत ट्रॅक्टरची रीघ लागते आहे. थंडी उसाला मानवते, रस्त्याला मात्र मानवत नाही. म्हणून वाहतूकदार सभासदांसाठी आणि त्यांच्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्या चालक बंधूंसाठी हे चार शब्द लिहीत आहोत. चालकाला वाचायला सवड कुठली, असे कोणी म्हणेल. मग मालकाने चहाच्या वेळी त्याला वाचून दाखवावे.

आधी वजनाचा हिशेब. ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा. मागे दोन ट्रेलर भरून लावले की १५ ते २० टन ऊस होतो. बहुतेक ट्रेलरना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे एवढे सगळे ओझे थांबवायचे ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी! कोरड्या सडकेवर हे कसेबसे निभावते. पण पहाटे काय होते बघा. दहिवराने डांबर भिजलेले असते. त्यावर फडातून निघालेल्या टायरांनी काळ्या मातीचा चिखल आणून टाकलेला असतो. वर पाचट आणि चिरडलेला ऊस. जोराचा पाऊस एक वेळ परवडला, तो रस्ता धुऊन तरी नेतो. दहिवर नुसते भिजवून ठेवते.

अशा जागी कचकन ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थांबू पाहतो, पण मागचे ट्रेलर थांबत नाहीत. ते त्याला ढकलतात. वळणावर असेल तर ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि चालक ट्रॅक्टर-ट्रेलरच्या कात्रीत सापडतो. म्हणून वेग आधीच कमी ठेवायचा. ताशी ३० किलोमीटरने जाताना ट्रॅक्टर एका सेकंदात आठ मीटरच्या वर पुढे जातो. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढे अंतर गेलेले असते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते. मागचा ट्रेलर झोलू लागला तर ब्रेकला हात... म्हणजे पाय लावू नका. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा.

शेतात वळण घेण्यासाठी डावा-उजवा ब्रेक सुटा केलेला असतो. रस्त्यावर चढण्यापूर्वी दोन्ही पायटे कडीने जोडलेच पाहिजेत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर त्या बाजूला खेचला जातो. फडात डिफरन्शिअल लॉक टाकला असेल तर तोही काढा.

उताराबद्दल आमचे चालकांशी नेहमी भांडण होते. डिझेल वाचते म्हणून काही जण न्यूट्रल करून गाडी सोडून देतात. वाचते किती, तर चहाच्या पैशाइतके! ज्या गियरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गियरमध्ये उतरावे, आणि तो गियर उतार लागण्याआधी टाकावा. अर्ध्या उतारावर क्लच दाबून गियर बदलायला गेले आणि पडला नाही, की पंधरा-वीस टन तुमच्या पाठीवर मोकळे सुटले म्हणून समजा.

हुकाची पिन दररोज पाहावी. पिन हरवली म्हणून सळईचा तुकडा घालून खेप करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. खड्ड्यात आदळले की तो तुकडा उडतो. पिनेला खालून क्लिप हवी आणि शिवाय साखळी हवी. थंडीत टायरमधली हवाही उतरते; ती पहाटे टायर गार असतानाच तपासावी. मोळ्या एका बाजूला जास्त भरू नयेत, आणि भरलेल्या उसावर माणसे, विशेषतः टोळीतली लेकरे, बसवू नयेत. मुकादम ऐकत नसेल तर चिटबॉयला सांगा.

आता खरी काळजीची गोष्ट. मागच्या एका हंगामात कालव्याच्या पुलाजवळ एका ट्रेलरचा टायर फुटला. चालकाने ट्रॅक्टरचे दिवे चालू ठेवले होते, त्याला वाटले एवढे पुरे. पण ते दिवे पुढे. मागून येणाऱ्याला उसाने भरलेला काळा ट्रेलर धुक्यात दिसणार कसा? लग्नाहून परतणारा आपल्याच एका सभासदाचा मुलगा मोटारसायकलसह त्यावर आदळला. जीव वाचला, पण पाय गेला. ट्रेलरच्या मागे रिफ्लेक्टर होते, हे लिहायला हवे. त्यावर चिखल होता आणि वाढे लोंबत होते.

म्हणून फडातून निघताना फडक्याने रिफ्लेक्टर पुसायचे. पुढे पांढरे, बाजूला पिवळे, मागे लाल, आणि दोन्ही ट्रेलरना. पहिल्याला लावून भागत नाही, कारण मागच्याने तो झाकलेला असतो. मागे लाल रिफ्लेक्टर कापड बांधले तर फारच चांगले. धुक्यात दिवे डिपरवर ठेवावेत. अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. टेपचा आवाजही कमी ठेवा. मागून कोणी हॉर्न वाजवतोय, हे ऐकू तर आले पाहिजे! आणि पहाटे तीन-चारला डोळा लागू लागला तर रस्त्याच्या कडेला नव्हे, पंपावर किंवा मोकळ्या मैदानात गाडी घालून तासभर झोप काढावी. खेप तासाने उशिरा आली तरी काटा बंद होत नाही.

गाडी बिघडून उभी राहिली तर पन्नास पावले मागे त्रिकोण ठेवावा; तो नसेल तर बॅटरी घेऊन माणूस उभा करावा. चाकाला दगड लावावाच लागतो. मात्र गाडी हलली की तो दगड उचलून कडेला टाकावा. आपले ट्रॅक्टर निघून जातात आणि ते दगड रात्रभर सडकेच्या मधोमध पडून राहतात.