वरच्या जबड्यातील पोकळी आणि कृत्रिम दाढ

वरच्या दाढांच्या मुळांच्या लगत, जबड्याच्या हाडात, हवेने भरलेली एक पोकळी असते. तिलाच सायनस म्हणतात. दाढ काढल्यावर तिला आधार देणारे हाड झिजू लागते. शिवाय ही पोकळीही हळूहळू खाली पसरते. अशा रीतीने दोन्हीकडून खंगलेल्या हाडाची उंची कधीकधी तीन-चार मिलिमीटरच उरते. कृत्रिम दाढेखालचा टायटॅनियमचा खुंट मात्र सामान्यतः आठ-दहा मिलिमीटर लांब असतो. तो रोवावयाचा कोठे?

पोकळीचे अस्तर न फाडता वर उचलावे आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत नवे हाड तयार होऊ द्यावे, हा त्यावरील उपाय होय. हे अस्तर बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास, किंवा त्याहूनही पातळ असते.

अमेरिकेतील हिल्ट टेटम यांनी १९७० नंतरच्या दशकात या शस्त्रक्रियेचा पाया घातला. बॉइन व जेम्स यांनी १९८० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ओठ-गाल बाजूला सारून जबड्याच्या बाहेरील भिंतीत एक लहानशी खिडकी पाडतात, अस्तर अलगद सोडवतात आणि खाली अस्थिकण भरतात. उरलेले हाड खुंट घट्ट धरू शकत नसेल तर खुंट बसवण्यापूर्वी काही महिने थांबावे लागते. सूजही बरीच येते. परंतु अस्तर शल्यविशारदाच्या डोळ्यांसमोर असते. ते फाटले तर दिसते आणि लहान छिद्र असल्यास झाकता येते.

समर्स यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत याहून सौम्य आहे. खुंटासाठी केलेल्या भोकातूनच, हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी, पोकळीचा तळ अस्तरासह वर ढकलला जातो. रुग्णाला त्रास कमी होतो. क्वचित ठोक्यांमुळे काही दिवस चक्कर येते, इतकेच. मात्र हे काम आंधळेपणाने करावे लागते आणि उंचीही थोडीच वाढते. म्हणून पाच मिलिमीटरच्या आसपास किंवा अधिक हाड शिल्लक असेल तेथेच ती शोभते. दोन-तीन मिलिमीटर हाडात, केवळ मोठी शस्त्रक्रिया टाळण्यासाठी ती वापरणे ही रुग्णावरील दया नव्हे. खुंट पोकळीत निसटला, तर तो काढण्यासाठी पुन्हा खिडकीच पाडावी लागण्याचा संभव असतो!

आत काय भरावे, याविषयीचा वाद मात्र निराळाच आहे. बॉइन व जेम्स यांनी रुग्णाच्याच कमरेचे हाड वापरले होते. पुढे गाईच्या हाडापासून केलेले कण रूढ झाले. स्वीडनमधील लुंडग्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर २००४ मध्ये दाखवून दिले की, उचललेले अस्तर खुंटाच्या टोकावर तोलून धरले, तर खाली साकळलेल्या रक्तातूनही हाड तयार होते.