धंदेशिक्षण : विद्यार्थ्यांस व पालकांस काही माहिती

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे शिक्षकांच्या खोलीपुढे पालकांची रीघ लागते. गेल्या उन्हाळ्यात असेच एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आले. गुणपत्रिका टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, "सर, ह्याला निदान आय.टी.आय. तरी मिळेल ना?" मुलगा खाली मान घालून उभा होता. प्रश्न साधा होता व उत्तरही साधे होते. परंतु त्यातील 'निदान' आणि 'तरी' हे दोन शब्द बरेच दिवस माझ्या मनातून गेले नाहीत. ज्या शिक्षणक्रमात मुलाने आयुष्याची दोन वर्षे घालावयाची, त्याविषयी पित्याला, मुलाला, आणि खरे सांगावयाचे तर आम्हा शिक्षकांनाही, 'निदान' ह्यापलीकडे फारशी माहिती नसते. म्हणून हा लेख.

आपल्या देशात धंदे होतेच. धंद्याची शाळा तेवढी नव्हती. गावगाड्यात सुताराचा मुलगा सुताराच्या शेडात, लोहाराचा भात्यापाशी व कुंभाराचा चाकापाशी वाढे. पाचव्या-सहाव्या वर्षापासून हत्यार हाती येत असल्यामुळे त्याच्या हाताला जी सफाई येई ती कोणत्याही शाळेला देता येणार नाही. परंतु ह्या पद्धतीत मोठे वैगुण्य होते. दुसऱ्याच्या मुलाला तो धंदा शिकण्याची सोय नव्हती आणि ज्याचा त्याला तो सोडण्याची मुभा नव्हती. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी हत्यार कधी धरले नाही व ज्यांच्या हाती हत्यार होते त्यांना लेखणी मिळाली नाही. हाताचे काम हलके, ही आपल्या घराघरांतील समजूत ह्याच फाळणीतून आली आहे. तिचे मूळ कामाच्या स्वरूपात शोधू गेल्यास सापडणार नाही.

ही फाळणी मोडण्याचे काही प्रयत्न मिशनच्या शाळांत झाले, त्यांचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. नगर येथे अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर डी. एम. पेटिट ह्यांच्या नावाने औद्योगिक शाळा चालविली. केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनात विणकामापासून छपाईपर्यंत अनेक उद्योग मुलींना व स्त्रियांना शिकविले. रमाबाई 1922 साली निवर्तल्या. त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांनीच खिळे जुळवून छापले. दुष्काळातून व वैधव्याच्या दुःखातून आलेल्या ह्या स्त्रिया; खिळे उलट्या अक्षरांत वाचावे लागतात, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांना त्या कामाची योग्यता निराळी सांगावयास नको.

मुंबईत 1887 साली स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, हिलाच आज वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था म्हणतात, ही ह्या प्रांतातील जुन्या तांत्रिक शाळांपैकी एक होय. परंतु सामान्य घरातील मुलाला जवळपास मिळेल असे कारागिरीचे शिक्षण देशभर सुरू झाले ते भारत सरकारच्या 1950 सालच्या कारागीर प्रशिक्षण योजनेने. औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजेच आय.टी.आय. ही त्याच योजनेची शाखा. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींस तेथे प्रवेश मिळतो. बहुतेक व्यवसायांस दहावी उत्तीर्ण असावे लागते. थोड्या व्यवसायांस आठवीही चालते. जोडारी (ह्यालाच आपण फिटर म्हणतो), कातारी म्हणजे टर्नर आणि वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे. संधाता म्हणजे वेल्डर ह्याचा एक वर्षाचा. शिवणकाम, संगणक चालविणे वगैरे इतरही पुष्कळ आहेत, आणि केवळ मुलींसाठी असलेल्या संस्थाही आहेत. सर्वांचे वर्णन करीत बसल्यास एकाचेही चित्र डोळ्यांपुढे उभे राहणार नाही; म्हणून एकट्या जोडाऱ्याचे सांगतो.

प्रारंभी ज्याचा उल्लेख केला तो मुलगा ह्याच व्यवसायाला गेला. नाताळच्या सुटीआधी मी त्याची कार्यशाळा पाहावयास गेलो. लांबलचक बाकांवर शेगडे बसविलेले व प्रत्येक शेगड्यापाशी एक मुलगा लोखंडाच्या तुकड्यावर कानस मारीत उभा. कानस मारणे हे काम मला तोवर हमालीचेच वाटे. निदेशकांनी ती माझ्या हाती दिली. पाच मिनिटे मी घाम गाळला. मग त्यांनी त्या पृष्ठभागावर गुण्या उभा धरला आणि तो खिडकीकडे करून मला दाखविला. दोन्ही कडांशी उजेडाची फट, मधोमध मात्र गुण्या टेकलेला! सपाट करावयास गेलो आणि टेकडी केली. ह्याचे कारण असे की, कानस पुढे सरकते तसा तिचा तोल बदलतो. आरंभी डाव्या हाताचा भार अधिक हवा, मध्ये दोन्ही हातांचा समान व शेवटी उजव्याचा अधिक. तसे न केल्यास ती झोपाळ्यासारखी झुलते व कडा खाऊन टाकते. शेगड्याची उंचीही उगीच नसते; तो उभ्या माणसाच्या कोपराइतका उंच असावा लागतो. तरफेचा जो नियम आम्ही फळ्यावर एका तासात उरकतो, तो ही मुले कित्येक आठवडे खांद्यातून व मनगटातून शिकत असतात.

त्या मुलाने मला आणखी एक गोष्ट दाखविली. त्याला 30 मिलिमीटर व्यासाचा गोल गज दिला होता व त्यातून चौरस घडावयाचा होता. मोठ्यात मोठा चौरस किती बाजूचा निघेल? भूमितीत हा मुलगा कच्चा. निदान आमच्या नोंदवहीत तरी तसे लिहिलेले आहे. तो म्हणाला, "सर, चौरसाचा कर्ण गजाच्या व्यासाएवढा धरायचा. म्हणून तीसला दोनच्या वर्गमुळाने भागायचे. एकवीस दशांश दोन येतात. बावीसचा करायला गेलो तर कोपरे राहत नाहीत." पायथागोरसचा सिद्धान्त त्याला मीच दोन वर्षे शिकविला होता. तेव्हा तो पाठही झाला नाही, आणि आता न विचारता मला समजावून दिला! ह्यात निदेशकांचे श्रेय किती व लोखंडाचे किती, हे मला सांगता येणार नाही. माझे फारसे नव्हते, एवढे खास.

मापाच्या सूक्ष्मतेविषयीही चार शब्द लिहिले पाहिजेत. व्हर्निअर कॅलिपर नावाच्या उपकरणात मुख्य पट्टीवरील 49 मिलिमीटरांचे सरकत्या पट्टीवर 50 समान भाग केलेले असतात. त्यामुळे तिचा एक भाग 0.98 मिलिमीटर भरतो व दोहोंतील फरक 0.02 मिलिमीटर येतो. मनुष्याचा केस ह्याच्या कित्येक पट जाड असतो. दोन तुकडे असे घडवावयाचे की एक दुसऱ्यात अडखळल्याशिवाय सरकावा आणि मधून उजेड दिसू नये, ही जोडाऱ्याची परीक्षा. 'साधारण बरोबर' हे उत्तर तेथे चालत नाही. आमच्या वर्गात ते पुष्कळदा चालते.

व्यवसाय निवडताना गुणांपेक्षा मुलाची प्रकृती व इंद्रिये पाहावीत. उदाहरणार्थ, वीजतंत्र्याला तारांचे रंग अचूक ओळखता आले पाहिजेत. आपल्याकडे लाल, पिवळी व निळी ह्या प्रवाहाच्या तारा, काळी न्यूट्रलची व हिरवी जमिनीची, असा संकेत आहे. ज्याला लाल-हिरव्यातला भेद दिसत नाही त्याने हा व्यवसाय घेणे जिवावर बेतेल. परंतु जोडाऱ्याच्या कामात ह्या दोषाने सहसा अडत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले होते. रंग ओळखण्यात दोष आढळल्यामुळे त्यांना चित्रकला सोडावी लागली, आणि ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. पुढे त्याच ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले आणि 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचा लोखंडी नांगर आरंभी कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

पुढे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. आय.टी.आय. उत्तीर्ण झाल्यावर कारखान्यात उमेदवारी करता येते. तिच्याकरिता 1961 सालचा शिकाऊ उमेदवार कायदा असून उमेदवाराला विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. ही रक्कम मोठी नसते, आणि पहिली दोन-तीन वर्षे ओढाताणीची जातात, हे लपविण्यात अर्थ नाही. ज्यांस पुढे शिकावयाचे आहे त्यांस दोन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर तंत्रनिकेतनातील पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मागता येतो व पदविकेनंतर पदवीच्याही दुसऱ्या वर्षात. म्हणजे वाट लांब आहे, बंद नाही. ज्यांना अकरावी-बारावीच हवी आहे त्यांच्यासाठी विज्ञान शाखेत इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र यांसारखे द्विलक्षी विषय आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावीपासूनच मुलांना कारागिरीची ओळख करून देण्यास सांगितले आहे. ती ओळख वर्षातून एकदा कागदी फुले करण्यापुरती राहू नये, एवढेच शिक्षक ह्या नात्याने मला म्हणावेसे वाटते.

तथापि सर्व संस्था सारख्या नसतात. काही ठिकाणी लेथ आहे पण तो चालत नाही. काही ठिकाणी चालतो पण त्याच्यापाशी दहा मुले हात बांधून उभी असतात. म्हणून पालकांनी अर्ज भरण्यापूर्वी, कामाच्या दिवशी, सकाळच्या वेळी जाऊन कार्यशाळा डोळ्यांनी पाहावी. एका यंत्रामागे किती मुले, हे मोजावे. मुलांनी केलेले तुकडे मागून घ्यावेत व हाताळावेत. गतवर्षीची मुले उमेदवारीस कोठे लागली हे विचारावे, आणि उत्तर देणारा चाचरला तर दुसरी संस्था पाहावी. इमारतीच्या रंगाकडे पाहू नये. आवाज, तेलाचा वास व दिवसभर उभे राहणे आपल्या मुलाला सोसेल की नाही, हे त्याला बरोबर नेऊन त्यालाच विचारावे. ज्याला हे मुळीच आवडत नाही त्याला केवळ गुण कमी पडले म्हणून तेथे लोटणे हाही अन्यायच होय.

त्या मुलाचे वडील मला मागच्या महिन्यात बाजारात भेटले. शेजाऱ्यापाशी ते मुलाविषयी सांगत होते, "इंजिनिअरिंगला आहे." मला पाहताच ते किंचित ओशाळले. मीही काही बोललो नाही.

महाराष्ट्रातील प्रवेश दहावीच्या निकालानंतर केंद्रीय पद्धतीने, गुणानुक्रमे होतात आणि अर्ज संगणकावरून भरावा लागतो. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला व आवश्यक असल्यास जातीचा दाखला आधीच तयार ठेवावा; हा शेवटचा दाखला मिळण्यास वेळ लागतो व पुष्कळांची गाडी तेथेच चुकते. अर्जात संस्था व व्यवसाय ह्यांचा पसंतिक्रम लिहावयाचा असतो. तो शेजारच्या मुलाचा पाहून उतरवू नये. ज्यांस भरताना अडचण येईल त्यांनी गुणपत्रिका घेऊन शिक्षकांच्या खोलीत यावे. मुलाला बरोबर आणावे, आणि शक्य असल्यास प्रथम त्यालाच बोलू द्यावे.