पक्षाघातानंतर दृष्टी आणि जीवनमान : मोजायचं कसं?



पक्षाघात म्हटलं की आपल्याला वाकडं झालेलं तोंड, लुळा पडलेला हात आठवतो. डोळ्यांचं सहसा कुणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये १०३३ रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७३ टक्के जणांना दृष्टीचा काही ना काही त्रास आढळला.

इथे गंमत अशी की डोळा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघाड असतो मेंदूत. मेंदूच्या उजव्या बाजूला, मागच्या भागात इजा झाली, तर दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं दृश्य दिसत नाही. असा माणूस अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचू शकतो आणि घरी येऊन डाव्या बाजूच्या दाराच्या चौकटीला धडकतो.

मग त्रास मोजायचा कसा? माणसालाच विचारायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेची २५ प्रश्नांची प्रश्नावली यासाठी बरीच वापरतात. वर्तमानपत्र वाचता येतं का? गच्च भरलेल्या फळीवरून हवी ती वस्तू सापडते का? अंधारात पायऱ्या उतरता येतात का? लोकांकडे जाणं कमी झालंय का? प्रत्येक उत्तराला ० ते १०० गुण; १०० म्हणजे अडचण नाही. ज्यांनी कधी गाडी चालवलीच नाही, त्यांचे गाडीचे गुण धरत नाहीत, हे मला फार योग्य वाटतं.

पण आपण शिक्षक. सरासरी काय काय लपवते ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. समजा, एकूण गुण ७५ आले, पण एकटं बाहेर जाण्याचे २५ च. त्या ७५ वर समाधान मानायचं? शिवाय ही प्रश्नावली मुळात डोळ्यांच्या आजारांसाठी केलेली. म्हणून मेंदूच्या इजेमुळे आलेल्या दृष्टिदोषासाठी पुढे १५ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली तयार झाली.

वाचनाचंच बघा. आपली देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते. उजवं दृश्य गेलं तर पुढचा शब्द आधी टिपता येत नाही, वाचन रखडतं. डावं गेलं तर नवीन ओळीची सुरुवातच सापडत नाही. अशा वेळी डाव्या समासात बोट किंवा पट्टी ठेवायला सांगा, उपयोग होतो.

आणखी एक पेच आहे. काही रुग्णांना डावी बाजू दिसत नाही असं नसतं. तिकडे त्यांचं लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, 'बेसावध' हा शब्द 'सावध' असा वाचला जाऊ शकतो. विचारलं तर आजोबा म्हणणार, "मला काही त्रास नाही." खोटं बोलत नसतात हो, त्यांना ते जाणवतच नाही. म्हणजे प्रश्नावलीत गुण भरघोस! अशा वेळी घरच्यांनाही विचारावं लागतं. कागदभर छोट्या रेघा मारून "सगळ्या खोडा" असं सांगायची एक साधी चाचणीही असते. डावीकडच्या रेघा तशाच उरल्या तर ते डॉक्टरांना दाखवा. आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली आहे का, हेही त्यांना आवर्जून विचारा.