चिंच, राख आणि सोडा : गृहस्वच्छतेचा एक पाठ

पितळेची समई चिंचेने घासली म्हणजे उजळते, हे खेड्यातील सातवीच्या मुलामुलींस शाळेने शिकवावे लागत नाही. घाटावर चिंच, कोकणात आमसूल, कोठे लिंबाची फोड तर कोठे आंबट ताक. जिन्नस पालटतो, अनुभव एकच. परंतु तीच मुले आम्ल व आम्लारी यांचे प्रकरण वाचू लागली म्हणजे त्यांच्यापुढे केवळ व्याख्या राहतात आणि समई घरीच राहते. या दोहोंची गाठ घालून देणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. त्यामागे एक निकडीचे कारणही आहे. घर स्वच्छ करण्याच्या नाना युक्त्या आज मोबाइलवरून घरोघरी येऊन पोचतात. लिंबू, सोडा, शिरका, मीठ असे हाताशी येईल ते एकत्र कालवावे, असा सल्ला त्यांत असतो. त्यांतील काही मिश्रणे निरुपयोगी असतात. काही मात्र घातक ठरतात, आणि करून पाहण्याची हौस मुलांनाच अधिक असते.

पाठाचा आरंभ एका साध्या प्रश्नाने करावा : मळ कशाचा आहे? मुले बहुधा ‘धुळीचा’ असे उत्तर देतील. मग वापरातील एखादी समई वर्गात आणून दाखवावी. तिच्या तबकडीवर जुन्या तेलाचा चिकट राप बसलेला असतो, वातीजवळ काजळी असते, दांड्यावर काळपट थर चढलेला असतो आणि खाचांतून हिरवट कळंक दिसतो. एकाच वस्तूवर हे चार प्रकारचे मळ आहेत. तेल हा स्निग्ध पदार्थ, काजळी म्हणजे कार्बन, काळपट थर म्हणजे पितळेतील तांब्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन झालेले ऑक्साइड, आणि कळंक हे मुख्यतः तांब्याचे कार्बोनेट. हे चारही एकाच उपायाने जातील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

यानंतर प्रयोग घ्यावा. काळवंडलेली पितळेची एक थाळी घेऊन तिच्यावर खडूने चार भाग पाडावेत व सर्व भागांवर बोटाने तेलाचा पातळ हात फिरवावा. एका भागास नुसते पाणी, दुसऱ्यास चाळलेली राख, तिसऱ्यास धुण्याच्या सोड्याचे पाणी व चौथ्यास चिंचेचा कोळ लावावा. सोड्याचे पाणी शिक्षकांनी स्वतः लावावे, कारण त्याने त्वचेची आग होते. काही मिनिटांनी प्रत्येक भाग स्वतंत्र चिंधीने सारखाच चोळून पुसावा. पाण्याच्या भागावर काहीच घडत नाही. सोड्याच्या भागावरील तेल सुटते, पण काळेपणा तसाच राहतो. राखेच्या भागावरील तेल जाते आणि पुष्कळ घासल्यास थोडी चकाकीही येते. चिंचेचा भाग मात्र मुलांस चकित करतो, कारण ती ज्याच्यावर सर्वाधिक विसंबलेली असतात तोच डागाडागांनी उजळतो : तेल जेथे पातळ तेथे पिवळा, जेथे दाट तेथे काळाच. आता थाळी सोड्याने वा राखेने धुऊन, स्वच्छ पाण्याने खळबळून पुन्हा चिंच लावावी. या वेळी ती सारखी उजळते.

याचा उलगडा मुलांकडूनच काढून घ्यावा. चिंचेतील टार्टारिक, लिंबातील सायट्रिक व ताकातील लॅक्टिक ही आम्ले आहेत. आम्लात तांब्याचे ऑक्साइड व कार्बोनेट विरघळते. तेल विरघळत नाही. उलट, तेलाचा थर आम्लास धातूपर्यंत पोचू देत नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पाण्यात उतरले म्हणजे अल्कधर्मी द्रव मिळतो, आणि अल्क स्निग्ध पदार्थास सोडवितो. राखेचे पाणी बोटांस बुळबुळीत लागते ते याचमुळे. शिवाय राखेचे बारीक कण घासण्याचेही काम करतात. आजीबाई उष्टी भांडी आधी राखेने व देवाची उपकरणी मागाहून चिंचेने घाशीत असत, तो क्रम रसायनशास्त्रास धरूनच होता. मात्र चिंच लावल्यावर भांडे भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे पुसले पाहिजे. आम्लाचा अंश मागे राहिला तर दुसऱ्याच दिवशी त्यावर पुन्हा हिरवी झाक दिसू लागते. भांडी घासून उरलेल्या कोळात तांबे उतरलेले असते; तो कोळ गुरांच्या आंबोणात जाऊ देऊ नये.

येथे चुणचुणीत मूल हटकून विचारते की, राख तेल काढते आणि चिंच डाग काढते, तर दोन्ही एकत्र कालवून एकदाच काम का उरकू नये? हा प्रश्न आला नाही तर शिक्षकांनी तो उपस्थित करावा, कारण पाठाचा गाभा येथेच आहे. हळदीचे दाट पाणी कागदाच्या पट्ट्यांस लावून त्या वाळवून ठेवलेल्या असाव्यात. सोड्याच्या पाण्याने पट्टी लाल होते. त्याच पाण्यात आता थोडा थोडा लिंबाचा रस घालीत जावे. ते जोराने फसफसते आणि मुलांस वाटते की मोठी शक्ती निर्माण झाली. फसफस थांबेपर्यंत रस घालून नवी पट्टी बुडवावी. ती पिवळीच राहते. अल्क संपला, आम्लही संपले. भांड्यात उरले ते क्षारमिश्रित पाणी, आणि मधला वायू हवेत निघून गेला. खाण्याचा सोडा व शिरका यांचे जे मिश्रण आज फार वाखाणले जाते, त्याची गत हीच. दोन्ही जिन्नस वेगवेगळे वापरले असते तर उपयोगी पडले असते.

मग बुडबुडा कधीच कामाचा नाही काय? तसे नाही, बुडबुडा कोठून येतो ते पाहावे लागते. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जड असेल तर पाणी तापविण्याच्या भांड्यात व नळाच्या तोटीवर पांढरा खडबडीत थर बसतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यावर शिरका किंवा लिंबाचा रस घातला म्हणजेही बुडबुडे येतात, पण ते त्या थरातूनच येतात. म्हणजे मळ स्वतः विरघळत असतो. भांड्यात शिरका व पाणी समभाग घालून काही तास ठेवावे, मग चोथ्याने घासावे. हाच बुडबुडा शहाबादी फरशीवर दिसला तर मात्र हात आवरावा. शहाबादी फरशी व स्वयंपाकाच्या ओट्याचा कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. तेथे विरघळते ती फरशीच. लिंबाने ‘स्वच्छ’ केलेल्या ओट्यावर निस्तेज पांढुरके डाग राहतात आणि ते पुन्हा कशानेही निघत नाहीत. संगमरवरी देव्हाऱ्यासही हेच लागू आहे.

इतर वस्तूंविषयी थोडक्यात सांगणे पुरे. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा वर्ज्य. अल्काने तो धातू खाल्ला जातो. त्याचे काळे पडलेले पातेले चिंचेचे पाणी उकळवून उजळता येते. कल्हईच्या भांड्यास वाळू किंवा विटकरीची पूड लावू नये. कल्हई झिजली की आतील पितळेस आंबट पदार्थ लागतो आणि आमटी कळकते. बुडाची काजळी आम्लासही दाद देत नाही आणि अल्कासही नाही. ती घासूनच काढावी लागते. म्हणून चुलीवर ठेवण्यापूर्वी भांड्यास बाहेरून राखेचा वा मातीचा लेप देण्याचा जो रिवाज होता, तो घासण्याचे निम्मे श्रम वाचविणारा होता. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला तर साबणाने तो लाल होतो. घाबरू नये, धुऊन कडक उन्हात वाळत घालावा, उन्हाने तो फिका पडत जातो.

एक गैरसमज येथेच दूर करणे अवश्य आहे. चकचकीत भांडे निर्जंतुक असतेच असे नाही. लिंबू, सोडा, मीठ यांनी मळ निघतो व त्याबरोबर पुष्कळसे जंतूही वाहून जातात, पण ते खात्रीने मरत नाहीत. शाळेतील पोषण आहाराची भांडी घासल्यावर निर्मळ पाण्याने धुऊन उन्हात पालथी वाळवावीत. पिण्याच्या पाण्यास तर यांतील कोणताही उपाय चालत नाही. तेथे उकळणे किंवा योग्य प्रमाणात क्लोरीन हेच मार्ग.

क्लोरीनचा उल्लेख आला, म्हणून सर्वांत महत्त्वाची सूचना. ग्रामपंचायत पाण्यासाठी जी टी. सी. एल. पूड वापरते, किंवा बाजारात ब्लीच म्हणून जो द्रव मिळतो, त्यात कोणतेही आम्ल, मग ते लिंबाचे का असेना, पडू देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. शौचालय धुताना आधी ब्लीचिंग पावडर व मग संडास साफ करण्याचे ॲसिड ओतल्यास बंद जागेत तो क्षणात कोंडतो. उग्र वास येताच सर्व टाकून मोकळ्या हवेत जावे, दार उघडे ठेवावे आणि खोकला वा धाप लागल्यास डॉक्टर गाठावा. दुसरी वस्तू चुना. तो पानाच्या डब्यात असतो म्हणून निरुपद्रवी मानला जातो. वास्तविक तो तीव्र अल्क असून डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. तसे घडल्यास डोळा उघडा धरून निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने सतत धुवावा, कडेचा चुन्याचा कण भिजल्या कापडाने काढावा आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे. ‘चुन्यावर उतारा लिंबू’ हे वर्गात शिकलेले ज्ञान डोळ्यावर चालवावयाचे नाही, हे मुलांच्या मनावर ठसविलेच पाहिजे.

पाठास दोन तासिका लागतात. भांडी घासण्याच्या गटात मुलींबरोबर मुलगेही हजेरीपटाच्या क्रमाने घ्यावेत. ‘हे काम मुलींचे’ असे म्हणणारा मुलगा निघाल्यास थाळीचा चिंचेचा भाग त्याच्याकडेच द्यावा. स्वच्छतेचे काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. घरच्या अभ्यासासाठी प्रत्येकाने आजीला किंवा आईला विचारून साफसफाईचे तीन रिवाज वहीत लिहून आणावेत, व प्रत्येकापुढे मळ कोणता, जिन्नस कोणता आणि तो आम्ल, अल्क की केवळ घासणारा, हे नोंदवावे. ज्याचे कारण सापडणार नाही त्याची जागा मोकळी सोडावी. तो रिवाज पुढील तासिकेत हळदीची पट्टी व चार भागांची थाळी घेऊन वर्गातच पडताळून पाहता येतो.