नरो वा कुंजरो वा

मंडळी, आजचं वाचन द्रोणपर्वातलं. कुणी स्पष्ट उत्तर टाळलं की आपण म्हणतो, ‘याचं आपलं नरो वा कुंजरो वा!’ माणूस की हत्ती, कोण जाणे.

पण युधिष्ठिराला ते पक्कं ठाऊक होतं. भीमाने मारला तो मालवराज इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती. द्रोणांनी खरंखोटं युधिष्ठिरालाच विचारलं, कारण हा खोटं बोलणार नाही ही खात्री. त्याने ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्याने सांगितलं आणि ‘हत्ती’ एवढंच पुटपुटला. संहितेत इथे ‘वा’ नाहीच. तो लोकांच्या तोंडी आला. तोवर जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ तेव्हा खाली टेकला.

म्हणजे म्हणीत संदिग्धपणा उरला, कथेत मात्र सगळा खेळ आवाजाचा आहे. (म्हणीने धर्मराजाला जरा स्वस्तात सोडलं, असं माझं मत.)

उद्या क्लायंटचा कॉल आहे. ‘टेस्टिंग झालं’ असं सांग, असं मला सुचवलं गेलंय. झालंय, पण फक्त लॉगिनचं. पेमेंटचं बाकी आहे. वाक्याची सुरुवातच ‘पेमेंटचं’ या शब्दाने करायची ठरवलीय.