नाव हरवलेला चित्रपट

मुलांनो, भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला माझा एक जुना विद्यार्थी परवा मजकडे आला. म्हणाला, “गुरुजी, लहानपणी मी आणि ताई शेजाऱ्यांच्या घरी दूरदर्शनवर रेखाटलेल्या चित्रांचा एक लहान चित्रपट पाहत असू. त्यात पक्षी जाळ्यासकट उडून जात. नाव आठवत नाही. ताई आता राहिली नाही. तिच्या मुलीला तो दाखवावयाचा आहे.”

“ही तर पंचतंत्रातील चित्रग्रीव कबुतराची गोष्ट!” मी घाईने म्हणालो. (घाई हा शिक्षकांचा जुना दोष.) पण पंचतंत्रावरील चित्रपट त्याने आधीच धुंडाळले होते.

“पक्ष्यांखेरीज काय आठवते?”

तो बराच वेळ गप्प राहिला. “उंदीर जाळे कुरतडतात. आणि एक मुलगा ताईला शब्दांचा अर्थ विचारतो.”

पंचतंत्रातील कथेत ही भावंडे नाहीत! त्या खुणेने उलगडा झाला. तो 1974 सालचा हिंदी चित्रपट ‘एक अनेक और एकता’. दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचे, चित्रांकन भीमसैन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. हा गडी आजवर नावात पक्षी शोधीत होता. नावात होते ते त्या मुलाला अडलेले शब्द.

आम्ही तो लावला. मुलाने ताईला प्रश्न विचारताच माझ्या विद्यार्थ्याने मान खाली घातली. जाताना त्याने भाचीसाठी नाव कागदावर लिहून घेतले.